मंडळीनं खाल्लेला एडका

औरंगाबाद,
८ नोव्हेंबर १९९४

चि. शांतवन यास,

सलाम. घ्यायचा की पाकिटासकट परत पाठवायचा, ते तू ठरव. दोन वर्षं मी तुला लिहिलं नाही, कारण तू मला लिहिलं नाहीस. आणि तू लिहिलं नाहीस, कारण तू माझाच भाऊ आहेस. आता थोरली म्हणून मीच आधी वाकते. वाकताना कमरेतून आवाज येतो, तो तुला दौलताबादला ऐकू आला असेल.

काम आहे म्हणून लिहिते, उगाच गैरसमज नको. परवा रविवारी उपासनेत बिशपसाहेबांचं पत्र वाचलं गेलं. ज्या लहान मंडळ्या वाढत नाहीत, त्या नवीन वर्षापासून मोठ्या मंडळीला जोडायच्या आणि तिथले पाळक काढून घ्यायचे, असं ठरतं आहे. आपली मंडळी त्यात आहे. म्हणजे आपल्या मंदिराला कुलूप, आणि मी दर रविवारी रिक्षा करून छावणीतल्या मोठ्या मंडळीत जाऊन शेवटच्या बाकावर पाहुणी. आईचा अंत्यविधी ज्या मंदिरातून झाला, त्याला बाहेरून कुलूप मला बघायचं नाही. बिशपसाहेब अठरा डिसेंबरला स्वतः बघायला येणार आहेत.

आमचे नवे पाळक, तिमथी शिनगारे, तू पाहिलेले नाहीस. तरुण आहेत, सज्जन आहेत, आणि मंडळीवाढीचं शिबिर करून आलेले आहेत. त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यावर एक बाण वर जातो. तो बाण म्हणजे काकासाहेबांचं कुटुंब. तुझ्याबरोबर गेलं होतं, तुझ्याशी भांडून परत आलं, की आमची वाढ झाली. तू ओसरीवर जी मंडळी भरवतोस तिथं तक्ता असेल तर तिथं बाण खाली गेला असेल. या शहरात ख्रिस्ती माणूस वाढत नाही, नुसता जागा बदलतो.

तर माझी विनंती अशी. अठरा डिसेंबरच्या रविवारी तुझ्याबरोबर गेलेली सगळी कुटुंबं इकडे घेऊन ये. एकाच रविवारपुरती. बिशपसाहेबांनी भरलेलं मंदिर पाहिलं की जातील, मग तुम्हीही जा. जेवण देऊ. ढोलकीही आण. तू ती काखेत मारून गेलास तेव्हापासून आमची भजनं ठेक्यावाचून चालतात. कडव्याच्या शेवटी पंचकमिटीचे नानासाहेब सर्वांच्या आधी पोहोचतात आणि बाकीच्यांची वाट बघत उभे राहतात.

सतरंजी सुखरूप आहे. बसणारे कमी झाल्यामुळं दिवसेंदिवस नवीच दिसू लागली आहे. तुझं चुकलं की त्यांचं, ते मी आजही सांगणार नाही. तू ती मागच्या माळावर अंथरलीस, पुंडलिकनगरातल्या माणसांनी येऊन भजन ऐकावं म्हणून. नानासाहेब म्हणाले, ‘पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या नाताळाला माझ्या वडिलांनी वरंगळहून आणून दिलेली सतरंजी, आणि ती धुळीत?’ त्यावर पंचकमिटीची सभा भरली आणि एका सतरंजीपायी मंडळी फाटली. मी तेव्हा मधे होते, म्हणजे दोघांवरही ओरडत होते.

उत्तर पाठव.

तुझी,
सुवार्ताताई


औरंगाबाद,
२२ नोव्हेंबर १९९४

चि. शांतवन यास,

सलाम. तुझं कार्ड मिळालं. ‘मेंढरं भाड्यानं मिळत नाहीत.’ एवढंच. पोस्टाचे पैसे वसूल करायला निदान तब्येत तरी विचारायचीस.

मेंढरांवरूनच लिहायचं आहे. रविवारी आमचा हंगामाचा सण झाला आणि त्याची बातमी तुझ्यापर्यंत पोहोचलीच असणार. ख्रिस्ती माणसाला सुवार्ता पोहोचवायला कष्ट पडतात, चहाडी आपोआप जाते. तू ऐकलं असशील की आम्ही शेजाऱ्याचा एडका चोरून खाल्ला. ते खोटं आहे. आम्ही त्याच्यावर आधी प्रार्थना केली होती.

सण तुला ठाऊकच आहे. जो तो आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतो, उपासनेनंतर त्याचा लिलाव, आणि आलेली रक्कम देवाच्या कामाला. तू लिलाव पुकारायचास तेव्हा एकच अंडं घेणारा परत अर्पण करायचा आणि ते पुन्हा पुकारलं जायचं. अंडं उबायच्या बेतात येईपर्यंत. आता पुकारायला काकासाहेब असतात. एसटीत कंडक्टर होते, आवाज अजून मागच्या दारापर्यंत जातो.

या वर्षी अर्पणं म्हणजे वांगी, दोन भोपळे आणि मी नेलेली मेथी. आम्ही सगळे नोकरदार, पीक आणायचं कुठून? वांगीसुद्धा गुलमंडीवरून विकत आणून देवाला आपल्या शेतातली म्हणून दिलेली. सगळे खाली मान घालून बसलेले. तेवढ्यात काकासाहेब बाहेर डोकावले, तर लिंबाखाली एक एडका. भला मोठा, गळ्यात पितळी घंटी, पाठीवर गेरूचा पट्टा, आणि शांतपणे आमचा बाहेरच राहिलेला तिसरा भोपळा खात उभा.

‘सजवून आणलाय!’ काकासाहेब म्हणाले. ‘नाव न सांगता दिलेलं दान!’

शांतवन, पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या अनाम दात्यासाठी उपकारस्तुती केली. आम्ही सगळे माना वळवून दाता शोधू लागलो. नानासाहेबांनी अगदी हळूच मान खाली घातली. एवढंच केलं. बाकीचं आम्ही समजून घेतलं. उपदेश कशावर होता, ते सांगायची मला लाज वाटते. हरवलेल्या एका मेंढरावर.

लिलावात एडका काकासाहेबांनीच घेतला आणि जागच्या जागी प्रीतिभोजनाला दिला. मसाला मी वाटला.

जेवणं निम्म्यावर आली असताना फाटकाशी एक धनगर उभा राहिला. डोक्याला तांबडं पागोटं, मागं बायको. मागच्या माळावर त्यांचा वाडा उतरला आहे, मेंढरांचा. सोयगावकडची माणसं. त्याचं नाव मुंजाबा, तिचं साळूबाई.

‘राम राम,’ मुंजाबा म्हणाला. ‘आमचा एडका इकडं आला व्हता का? गळ्यात घंटी हाय.’

नानासाहेबांच्या हातात नळी होती. ती तोंडाकडे न्यावी की ताटात ठेवावी, हे त्यांना ठरवता येईना. आमच्या पाळकसाहेबांना अशा वेळी शिष्टाचार तेवढा सुचतो. ते उठले आणि म्हणाले, ‘या, बसा. आधी जेवून घ्या.’

साळूबाईचं लक्ष कुंपणाच्या भिंतीकडे गेलं. तिथं कातडं वाळत घातलेलं, पाठीवरच्या गेरूच्या पट्ट्यासकट.

‘व्हय ओ बाबा,’ ती म्हणाली, ‘आमचाच एडका आमाला वाढायलाव व्हय?’

‘बाई, चुकून झालं,’ मी म्हणाले.

‘चुकून मानूस ठेचाळतंय. चुकून मसाला वाटतंय व्हय कुनी?’

शाळेत तीस वर्षं मुलांना गप्प करते आहे, पण त्या दिवशी मला कळलं की ते किती सोपं काम होतं.

‘आम्हाला वाटलं कुणीतरी देवाला दिला,’ काकासाहेब म्हणाले.

‘कुनी दिला? दाखवा की त्यो दानशूर.’

सगळ्यांनी नानासाहेबांकडे पाहिलं. ‘मी असं कधी म्हटलं नव्हतं,’ नानासाहेब म्हणाले. खरंच आहे. म्हटलं नव्हतं.

काकासाहेबांनी भरपाईचं काढलं, तशी मुंजाबानं मान हलवली. ‘पैशाचं नाय ओ. त्यो म्होरक्या व्हता. त्याच्या घंटीमागं समदा कळप चालतंय. आता दुसरा एडका हाताखाली तयार करावा लागंल, तवर मेंढरं रस्ता वलांडायची नायत. एक इकडं, एक तिकडं. आमी दोगं नवरा-बायको कुटं कुटं धावनार?’

‘मानसं द्या,’ साळूबाई म्हणाली. ‘रोज. मेंढरं हाकाया. खाल्लाय समद्यांनी, हाका बी समद्यांनी.’

पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं शब्द दिला. पंचकमिटीला विचारलंसुद्धा नाही. तुझ्या भाषेत सांगायचं तर आम्ही मेंढरं भाड्यानं मागत होतो. आता स्वतःच मेंढके झालो आहोत, बिनपगारी.

तुझी,
सुवार्ताताई


औरंगाबाद,
५ डिसेंबर १९९४

चि. शांतवन यास,

सलाम. या वेळी तुझ्या कार्डावर तीन ओळी आहेत. प्रगती आहे. पहिल्या दोन वाचून तू हसलास हे कळलं. तिसरी, ‘नानासाहेब खरंच मेंढरं हाकतात का?’ नाही. ते मेंढरं हाकत नाहीत. ते पुढं चालतात.

झालं असं. पहिल्या सकाळी आम्ही चौघंजण काठ्या घेऊन गेलो आणि कळपाच्या चारी बाजूंनी चार वेगवेगळ्या गोष्टी ओरडलो. मेंढरं जागची हलली नाहीत, फक्त आमच्याकडे बघत राहिली. असल्या नजरेनं माझ्याकडे आजवर फक्त नववी ‘ब’नं पाहिलं आहे. मग मुंजाबानं त्या एडक्याची घंटी काढली, ती तेवढी उरली होती, आणि दिसेल त्याच्या हातात दिली. ते नानासाहेब निघाले. सफारी, बूट, हातात घंटी. त्यांनी ती वाजवली आणि चालू लागले, तर सगळा कळप त्यांच्यामागं! आजवर मंडळीत त्यांच्यामागं कुणी चाललं नव्हतं. आता रोज सकाळी ते सर्वांत आधी हजर असतात. परवा म्हणाले, ‘उजवीकडची ती काळी जरा हट्टी आहे, पण मनानं चांगली आहे.’ असं ते आजवर माझ्याबद्दलही बोललेले नाहीत.

पुंडलिकनगरच्या रस्त्यावरून ही मिरवणूक जाते तेव्हा बाल्कन्यांत माणसं उभी राहतात. एका गृहस्थांनी पाळकसाहेबांना थांबवून विचारलं, ‘तुम्ही नक्की कोण लोक?’

‘त्या मागच्या मंदिरातले.’

‘ते मंदिर आहे? आम्हाला वाटलं सरकारी गोदाम.’

इतकी वर्षं शेजारी राहून! बरोबरच आहे. फाटक आपण रविवारी उघडतो, आणि आपण आत शिरलो की लावून घेतो. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले, आत बघून गेले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं मेंढक्यांसाठी चहाची किटली पाठवली. आमच्या दगडाबाई नर्स, त्यांनी साळूबाईच्या सुनेला तपासलं. दिवस गेलेत तिला. आता कॉलनीतल्या बायकाही ‘जरा माझाही रक्तदाब बघा’ म्हणून मंदिराच्या पायरीवर येऊन बसतात. कुणी बोलावलं नव्हतं. फाटक मेंढरांसाठी उघडं राहतं, तेवढंच.

पाळकसाहेबांचा तक्ता गेला. मंदिराच्या दारात ऊन खायला म्हणून काढून ठेवला होता, एका मेंढीनं बाणासकट खाल्ला. पाळकसाहेबांचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा दिसला.

आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी अवकाळी भुरभुर आली, आठवते ना? थंडी कसली, हाडं वाजत होती. त्यातच एक मेंढी व्याली. साळूबाई कोकरू पदरात घेऊन धावत मंदिराच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. ‘आत येऊ का?’ तिनं विचारलं. आत नानासाहेब घंटी पुसत बसले होते. त्यांनी कोकराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग उठले, सतरंजीचा कोपरा उचलला आणि ते ओलं पिल्लू त्यात गुंडाळलं. वरंगळच्या सतरंजीत. पिल्लानं त्याच क्षणी उपकार फेडले, भरपूर.

नानासाहेब म्हणाले, ‘धुता येते.’

शांतवन, हे दोन शब्द त्यांना दोन वर्षांपूर्वी सुचले असते तर तू आज दौलताबादला नसतास. मी त्यांना तसं तोंडावर म्हणणार होते. पण ते पिल्लाचे पाय चोळत होते, म्हणून राहू दिलं. माझ्याकडून एवढं होतं, याची नोंद घे.

एक अडचण आहे, ती तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मंदिर बंद होणार हे मुंजाबाच्या कानावर गेलं. तो पाळकसाहेबांकडे आला. ‘तुमाला डोकी कमी पडायलीत म्हनं. आमची लिवा की. मी, साळूबाई, पोरं, सुना. वाटलं तर भावकी बोलावतो.’ अगदी मनापासून. आणि खरं सांगते, मला मोह झाला. बिशपसाहेबांना काय कळणार होतं?

पाळकसाहेब म्हणाले, ‘नको, मुंजाबा. एकदा तुमचं जे नव्हतं ते आम्ही आमचं म्हणून घेतलं. पुन्हा नको.’

आता अठरा तारखेला आम्ही आहोत तेवढेच असणार. तुझी माणसं मी आता मागत नाही. तू एकटा ये, असंही म्हणत नाही. फक्त तारीख पुन्हा लिहिते, अठरा.

तुझी,
सुवार्ताताई


औरंगाबाद,
१९ डिसेंबर १९९४

चि. शांतवन यास,

सलाम. काल तू आला होतास. डांबरी रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, काखेत फडक्यात बांधलेली ढोलकी. तुला वाटलं कुणी पाहिलं नाही. लहानपणी लपाछपीत तू मला कधीच का सापडत नव्हतास, ते आठव. मला जागा माहीत असायची, मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

अंतरावरून तुला काय दिसलं आणि काय नाही, म्हणून सांगते.

साळूबाईची माणसं शेजारी म्हणून उपासनेला येणार होती, पण मेंढरं एकटी सोडता येत नव्हती. तेव्हा नानासाहेबच म्हणाले, ‘मग आपणच माळावर जाऊ.’ सतरंजीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मुंजाबानं. तू दोन वर्षांपूर्वी अंथरली होतीस, अगदी त्याच जागी त्यांनी ती अंथरली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही बोलले नाही. तीस दिवसांत दुसऱ्यांदा.

बिशपसाहेब आले ते आधी मंदिरात गेले. दार उघडं, आत कुणी नाही, फक्त कोपऱ्यात एक कोकरू. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की बहुतेक निर्णय झालाच होता. मग त्यांना घंटी ऐकू आली आणि ते माळाकडे वळले.

उपासना झाली. मुंजाबाच्या भावकीनं ढोल वाजवला, आम्ही भजन म्हटलं, दोघांचा मेळ कुठंही बसला नाही आणि कुणाला त्याची फिकीर नव्हती. कॉलनीतले चहावाले गृहस्थ सहकुटुंब होते. बिशपसाहेबांनी पाळकसाहेबांना विचारलं, ‘यातली तुमची मंडळी किती?’

पाळकसाहेब म्हणाले, ‘साहेब, आमची होती तेवढीच आहेत. ही बाकीची शेजारची.’

बिशपसाहेब साळूबाईकडे वळले. ‘आई, तुम्ही इथं का आलात?’

‘ह्यांनी आमचा एडका खाल्लाय,’ साळूबाई म्हणाली. ‘ह्यांच्यावर नदर ठेवाया नगं?’

मुंजाबानं कपाळाला हात लावला. बिशपसाहेबांना ठसका लागला. दगडाबाईंनी पाठ चोळली. मग त्यांनी सगळी हकिकत बसून ऐकली, घंटी मागवून घेतली, स्वतः वाजवून पाहिली, आणि तीन मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. ते खूश झाले. म्हणाले, ‘मी पुष्कळ मंडळ्या पाहिल्या. काही मोठ्या, काही लहान. पण जिला शेजारी आहेत अशी क्वचित पाहिली.’ पाळकसाहेब इथंच राहणार. मंदिराला कुलूप नाही. दोन वर्षांनी ते पुन्हा बघायला येतील.

ही माणसं ख्रिस्ती झाली नाहीत, शांतवन. आम्ही मात्र थोडेसे झालो.

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझेही, बऱ्यापैकी. तू बाभळीखालून निघून सतरंजीपर्यंत आलास. माळावर, धुळीत अंथरलेल्या सतरंजीपर्यंत, आणि तिच्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढल्यास. ते फक्त मी पाहिलं असं मला वाटत होतं. संध्याकाळी नानासाहेब म्हणाले, ‘चपला काढल्या त्यानं.’ म्हणजे त्यांचेही डोळे मिटलेले नव्हते. या मंडळीचं आध्यात्मिक जीवन कसं आहे ते यावरून ओळख.

आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा तू नव्हतास आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर ढोलकी होती.

तर ही पोचपावती समज. ढोलकी मिळाली, सुस्थितीत आहे. काकासाहेबांनी ती वाजवून पाहिली, तेव्हा मेंढरं पळाली. मुंजाबानं हात लावला नाही. म्हणाला, ‘ज्याची त्यानं वाजवावी.’ वस्तू पोहोचली, वाजवणारा पाठवायचा राहिला आहे.

नाताळ रविवारीच येतो आहे. उपासना सकाळी, माळावर. साळूबाई आज मुक्काम हलवणार होती, थांबली आहे. ‘तुमचा सन झाल्याबिगर जाऊ का?’ म्हणाली. तुझी सगळी कुटुंबं घेऊन ये. भाड्यानं नव्हे, मुक्कामालाही नव्हे, परत न्यायची असतील तर खुशाल ने. काल सतरंजी पुरली नाही, अर्धे लोक मातीत बसले होते. तुझ्या लोकांना सवय आहे, त्यांना मातीत बसवू. नानासाहेब म्हणतात ते स्वतः मातीत बसतील. बघू.

जेवण आहे. साळूबाईनं आज सकाळी दोरीनं धरून एक एडका आणला, सगळ्यांना बाहेर बोलावलं, आणि दोरी पाळकसाहेबांच्या हातात दिली. ‘ह्यो मी देते,’ ती म्हणाली. ‘समद्यांच्या म्होरं देते. आता कुनी मान खाली घालू नगा.’

नानासाहेबांनी मान वर केली. मी मसाला वाटायला घेतला आहे. या वेळी विचारून.

तुझी,
सुवार्ताताई